पिंपळगाव ते आझादपूर: कांद्याच्या गाडीचे पाच दिवस

पिंपळगाव बसवंतहून दिल्लीच्या आझादपूर मंडीपर्यंत, दिल्लीला बाहेरून वळसा घातला तर, साधारण तेराशे किलोमीटर पडतात. भरलेली दहा टायर गाडी घाट आणि टोल धरून ताशी बेचाळीसची सरासरी देते. म्हणजे नुसतं चाक फिरण्याचे एकतीस तास झाले. जेवण, झोप, डिझेल यांचा हिशेब वेगळा.

व्यापारी रविवारी रात्रीच सांगून ठेवतो (खळं म्हणजे त्याची कांदा निवडायची, भरायची जागा): "सोमवारी आठला गाडी खळ्यावर लाव. एकला मोकळी करतो. बुधवारी रात्री दिल्लीत आत, गुरुवारचा सौदा." कागदावर हे बसतं. सोमवारी दुपारनंतरचे नऊ तास, मंगळवारचे अकरा, बुधवारचे अकरा. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्याला परवानगीने दहा तास असं माप घातलं होतं. सलग पाच तास चालवलं की अर्धा तास विश्रांती, असंही त्यात होतं. त्या मापाने हा हिशेब दोन तासांनी जास्तीच आहे, पण आग्रा रोडवर दोन तासांचा कोणी बाऊ करत नाही. खरी गोची पुढे आहे. हा हिशेब 'एकला मोकळी करतो' या तीन शब्दांवर उभा आहे आणि गाडी एकला सुटत नाही.

सोमवार: खळं

आठला गाडी खळ्यावर लागते तेव्हा तिच्यात जाणारा कांदा अजून शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये, बाजार समितीच्या आवारात रांगेत उभा असतो. सकाळी लिलाव होणार, मग ट्रॅक्टर खळ्यावर येऊन खाली होणार, मग बाया निवड करणार: सुपर (मोठा) वेगळा, गोल्टा (मध्यम) वेगळा, गोल्टी (बारीक) वेगळी, सडका आणि डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) बाजूला. मग गोणी भरायची, वजन करायचं, तोंड शिवायचं. हे सगळं होऊन थप्पी लागायला दुपारचे दोन-तीन वाजतात. हमालांची टोळी गाडी भरायला बसली की अडीच-तीन तासांत पावणेचारशे गोण्या वर जातात. भराईला वेळ लागत नाही, माल तयार व्हायला लागतो.

मग गाडी आठला कशाला बोलवायची? कारण साधं आहे. माल तयार आणि गाडी नाही, तर टोळी बसून राहते आणि तिचा खाडा व्यापाऱ्याच्या अंगावर येतो. गाडी तयार आणि माल नाही, तर व्यापाऱ्याचं काही जात नाही. हॉल्टिंगचं भाडं बहुतेक ठिकाणी चोवीस तास उलटल्यावरच सुरू होतं, तेही भांडून. तेव्हा थांबायचं कोणी, हे आपोआप ठरतं. जुन्या कायद्यातल्या कामाच्या तासांच्या व्याख्येत तर ठिकाणावर नुसतं थांबणं पंधरा मिनिटांच्या आतलं असेल तेवढंच कामात धरलेलं होतं. खळ्यावरचे सहा तास त्यात कुठे बसवायचे ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

या वेळेचा उपयोग एकच: गाडी बघून घेणं. एअर टाक्यांचं पाणी काढणं, टायर थंड असतानाच हवा मोजणं, मागच्या जोडचाकांत दगड अडकलेला नाही ना ते बघणं, युरियाची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी भरणं. बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या मापाच्या) गाडीला डिझेलच्या चार-पाच टक्के युरिया लागतो, म्हणजे जाताना पंधरा-सोळा लिटर. तो संपला की इंजिन बंद पडत नाही, पण ताकद कापली जाते. घाटात भरलेली गाडी घेऊन ताकद कापली जाणं म्हणजे बंद पडण्यासारखंच.

माल किती घालायचा यावर दर वेळी घासाघीस होते. २०१८मध्ये धुरांवरच्या (ॲक्सलवरच्या) वजनाची मर्यादा वाढली, तेव्हापासून तीन धुरांच्या दहा टायर गाडीचं पासिंग (मालासकट परवानगीचं वजन) २८ टन झालं. आधी २५ होतं. रिकामी गाडी नऊ-साडेनऊ टन वजा केली तर साडेअठरा टन माल, म्हणजे पन्नास किलोच्या ३७० गोण्या. पण गोणी मोजून वजन धरू नये. ओलसर माल असला की गोणी बावन्न भरते आणि ३७० गोण्यांत पाऊण टन वाढतं. काट्यावर २८च्या वर आकडा आला तर पुन्हा खळ्यावर येऊन, दोर सोडून, पंधरा गोण्या उतरवायच्या. त्यात तास-दीड तास जातो. म्हणून ताडपत्री बांधायच्या आधी काटा करावा. "जाऊ दे, एवढं कोण बघतंय" असं खळ्यावर म्हणतात. मात्र पकडल्यावर वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड आहे, आणि जादा माल तिथेच उतरवायला लावतात. तो दंड कोणी भरायचा यावर पुढचा आठवडा जातो.

कांद्याला ताडपत्री बांधणं हा वेगळाच प्रकार आहे. सिमेंटसारखी चारही बाजूंनी आवळली तर आतल्या आत कांद्याला घाम सुटतो आणि दिल्लीत मधल्या थरातल्या गोण्या ओल्या, कोंब फुटायच्या बेतात निघतात. म्हणून ताडपत्री वरून पूर्ण घ्यायची, बाजूंना फाळक्याच्या वरपर्यंतच ठेवायची. पुढे केबिनच्या वर आणि मागे फाळक्याजवळ हातभर फट सोडायची, म्हणजे चालत्या गाडीत वारा आरपार जातो. वरच्या थराखाली आडवे बांबू टाकले तर ताडपत्री गोण्यांना चिकटत नाही. पावसाळ्यात पुढची फट बंद करून मागची ठेवायची. पुढून पाणी मारतं, मागून नाही. दोर एका बाजूच्या हुकातून दुसऱ्या बाजूला तिरका, मग उलटा तिरका, आणि शेवटचा फेरा मागच्या फाळक्यावरून. हे दोन माणसांचं पाऊण तासाचं काम आहे, आणि वेळापत्रकात त्याला जागा नाही.

बिल्टी (मालाची वाहतूक पावती) हातात पडेपर्यंत सात वाजले. सहा तास इथेच गेले.

पिंपळगावचा टोल ओलांडला की चांदवडला एकदा थांबायचंच. गोण्या बसल्या की दोर सैल पडतो, तो पुन्हा आवळायचा. आणि पुढे राहूडचा उतार आहे. भराईनंतर ब्रेकची पहिली परीक्षा तिथे होते, त्यामुळे हवेचा काटा पूर्ण चढलेला बघूनच गाडी सोडायची आणि वरूनच खालच्या गिअरमध्ये उतरायची. मालेगाव, लळिंग, धुळे, सोनगीर. शिरपूरच्या पुढे ढाब्यावर गाडी उभी राहिली तेव्हा साडेअकरा. चालवणं साडेचार तासांचंच झालं, पण माणूस सकाळी सहापासून जागा आहे. कागदावर मात्र आज त्याने फक्त साडेचार तास काम केलं, आणि मालक म्हणतो, "अजून एक घाट मारून झोप की." इथे नाही म्हणायला शिकावं. बिजासन घाट रात्री एकला, एकोणीस तास जागलेल्या डोळ्यांनी चढण्यात काही कमाई नाही.

मंगळवार: दोन घाट आणि एक बायपास

पहाटे पाचला निघालं तर पळासनेर ओलांडून बिजासन उजाडता उजाडता चढून होतो. उत्तरेला जाताना हा चढ आहे. उतार परतीच्या गाड्यांना असतो, आणि ब्रेक गेल्याचे मोठे अपघात त्याच बाजूला झालेत. चढताना अडचण वेगळी: २८ टनांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ताशी बारा-पंधराने चढते, आणि पुढे एखादी गाडी वळणावर बंद पडली की मागच्या सगळ्यांचा वेळ तिच्या मिस्त्रीच्या हातात. पहाटेचा फायदा असा की घाटात नव्याने बंद पडलेल्या गाड्या कमी असतात. मोठे बिघाड रात्री होतात आणि क्रेन सकाळी सातनंतर येते, हेही लक्षात ठेवायचं.

सेंधव्याच्या सीमेवर मध्य प्रदेशचं परिवहन चेकपोस्ट होतं, ते १ जुलै २०२४पासून बंद झालं. पूर्वी इथे तासभर राखूनच ठेवावा लागे. आता तो वेळ मोकळा असायला हवा. पण फिरती तपासणी कुठेही असू शकते, म्हणून कागद एका फाइलमध्ये, वरच्या वर ठेवावेत: आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, बिल्टी, काटापट्टी (वजनाची पावती). ताज्या कांद्याला ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) लागत नाही. हे माहीत नसलेला माणूस समोर आला तर समजावण्यात पंधरा मिनिटं जातात. बाजार समितीची पावती सोबत असली की काम लवकर होतं.

जुलवानिया, ठीकरी, खलघाटला नर्मदा, मग मानपूरचा चढ. हा निमाडातून माळव्यावर चढणारा घाट बिजासनपेक्षा जास्त दमवतो, कारण तो उन्हात येतो. रेडिएटरचं पाणी धामणोदलाच बघून घ्यावं. घाटात काटा लालकडे सरकला तर एसी बंद, गिअर खाली, इंजिनाचे फेरे टिकवून चालत राहायचं. उभं राहिल्याने रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही आणि तापमान आणखी चढतं.

इंदूरचा बायपास दुपारी बाराला. वेळापत्रक इथे दुसऱ्यांदा मोडतं. बायपासवर आणि पुढे देवासपर्यंत उड्डाणपुलांची कामं चाललेली असली की सगळी वाहतूक बाजूच्या सर्व्हिस रोडवर येते. त्याचा डांबराचा थर जड गाडीसाठी केलेला नसतो. एक पाऊस, दोन खड्डे, आणि एक मल्टीएक्सल गाडी रुतली की मागे रांग. जून २०२५मध्ये अर्जुन बडोदा गावाजवळ याच कारणाने लागलेली कोंडी दिवसभराहून अधिक चालली होती. तेवढं दर वेळी होत नाही, पण दीड तास धरून चालावा. मोबाइलवरचा नकाशा अशा वेळी गावातून जाणारा 'वेगवान' रस्ता दाखवतो. तो मोटारीसाठी असतो. साडेतेरा फुटी गाडी त्या रस्त्याच्या विजेच्या तारांखाली आणि रेल्वेच्या बोगद्याखाली जाईल की नाही, हे नकाशाला ठाऊक नसतं. मागे येताना वळायला जागा नसते. बायपासवरच उभं राहिलेलं बरं.

आणि नेमका याच कोंडीत फोन येतो. गाडीला जीपीएस आहे, मालकाला पडद्यावर लाल ठिपका दिसतो: 'वाहन ४० मिनिटे स्थिर'. मालकाचा फोन, मग ट्रान्सपोर्टवाल्याचा, मग दिल्लीच्या आडत्याच्या माणसाचा. तिघांनाही एकच उत्तर: "शेठ, जाम आहे." तिघेही एकच विचारतात: "मग रात्री कुठपर्यंत?" यंत्राने गाडी थांबल्याचं कळतं, का थांबली ते कळत नाही. कोंडीचा फोटो काढून एकदाच तिघांना पाठवला तर पुढचे चार फोन वाचतात.

देवासला दोनला जेवण. मक्सी, शाजापूर, सारंगपूर, पचोर, ब्यावरा. रस्ता चांगला, सपाट, चौपदरी. गाडी पन्नास-पंचावन्नने एकसारखी चालते आणि याच तुकड्यात दुपारी चारच्या सुमाराला झोप येते. चहाने ती जात नाही. वीस मिनिटं सीट मागे करून डोळे मिटले तर जाते. गुना रात्री साडेनऊला. चालवणं साडेबारा तासांचं झालं, दहाचं माप कधीच ओलांडलं. ब्यावऱ्यालाच थांबायला हवं होतं. पण ब्यावऱ्याला थांबलं तर उद्या शंभर किलोमीटर जास्त उरतात आणि दिल्लीची रात्र हुकते. सोमवारचे सहा तास फिरून इथे वसूल होतात, झोपेतून.

बुधवार: पाच राज्यं

गुना ते ग्वाल्हेर सव्वादोनशे किलोमीटर. शिवपुरीच्या पुढे जंगलपट्टा आहे, तिथे रात्री आणि पहाटे नीलगाय आडवी येते. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, इथून पुढे धुकं धरून चालायचं. रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात कधी कधी ताशी वीसही मिळत नाहीत. त्या दोन महिन्यांत व्यापाऱ्याला भाडं ठरवतानाच एक दिवस जास्त सांगावा. नंतर सांगितलं तर ती सबब ठरते.

ग्वाल्हेर बायपासने बाहेरून. मुरैना, चंबळचा पूल, की राजस्थान. धोलपूरचा हा तुकडा जेमतेम तासाभराचा, मग उत्तर प्रदेश. डिझेलचा हिशेब इथे करायचा असतो. उत्तर प्रदेशात आणि हरियाणात डिझेल मध्य प्रदेशापेक्षा स्वस्त असतं. गाडीने लिटरला चार किलोमीटर दिले तर पिंपळगाव ते आग्रा हजार किलोमीटरला अडीचशे लिटर लागतात. निघताना टाकी पूर्ण भरली असेल तर मध्य प्रदेशात थेंबही न घेता इथपर्यंत येता येतं. पैसे वाचतात तेवढाच पंपावरचा अर्धा तासही वाचतो.

आग्र्याच्या शहरात शिरायचं नाही. ग्वाल्हेर रोडवरून दक्षिण बायपास घ्यायचा, तो रुनकत्याजवळ मथुरा रोडवर काढतो. मथुरा, कोसी, होडल, पलवल. पलवलला संध्याकाळचे साडेसात.

पुढचा निर्णय महत्त्वाचा. पलवलहून सरळ फरीदाबाद, बदरपूर करून आझादपूर ऐंशी किलोमीटर. पण दिल्लीत जड गाड्यांना प्रमुख रस्त्यांवर सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ११ बंदी आहे. नो-एन्ट्री पास असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. म्हणजे बदरपूरच्या अलीकडे अकरापर्यंत उभं राहायचं आणि अकराला सगळ्या गाड्या एकदम सुटल्या की त्यांच्यासोबत अख्खं शहर दक्षिणेकडून उत्तरेला कापायचं. दुसरा रस्ता म्हणजे पलवलहून केजीपी, पूर्वेकडून दिल्लीला वळसा घालणारा १३५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग. तो कुंडलीला काढतो, तिथून सिंघू सीमा आणि जीटी करनाल रोडने आझादपूर पंचवीस किलोमीटर. पश्चिमेकडून केएमपीही तेवढाच लांब आणि तिथेच काढतो. ऐंशी किलोमीटर जास्त, म्हणजे वीस लिटर डिझेल आणि वरचा टोल. पण बंदीचे तास उभं राहण्यात न जाता चालण्यात जातात, आणि अकराच्या सुमाराला गाडी मंडीच्या बाजूच्या वेशीवर असते. टोल वाचवायला बदरपूरकडून घ्यायला सांगणारे मालक आहेत. त्यांनी एकदा तरी बुधवारच्या रात्री रिंग रोडवरून जाऊन बघावं. केजीपीवर ढाबे थोडे आहेत, म्हणून जेवण पलवलच्या आधीच उरकायचं.

कुंडलीला साडेअकरा. सीमेवर दिल्ली महापालिकेचा टोल आणि २०१५पासून लागू झालेला पर्यावरण शुल्क भरायचा असतो. दोन्ही आरएफआयडी टॅगमधून कापले जातात आणि हा टॅग फास्टॅगहून वेगळा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत म्हणून निर्धास्त असलेल्या गाड्या इथे बाजूला लागतात. पूर्वी भाजीपाल्याला या शुल्कातून माफी होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये काढली. जुन्या हिशेबाने ॲडव्हान्स घेतलेला असला तर तेवढे पैसे खिशातून जातात. आणखी एक गोष्ट गाडी ठरवतानाच बघायची: १ नोव्हेंबर २०२५पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-तीन आणि त्याआधीच्या मालगाड्यांना प्रवेश नाही. बीएस-चारलाही ३१ ऑक्टोबर २०२६पर्यंतच मुभा दिलेली आहे.

गुरुवार: मंडी

मंडीच्या फाटकावर रात्री एकला रांग. आत शिरून आडत्याच्या फडापर्यंत पोचायला साडेतीन. चौदा-पंधरा तास चालवून आलेला माणूस या अडीच तासांत झोपू शकत नाही, कारण दर पाच मिनिटांनी गाडी वीस फूट पुढे घ्यायची असते. जमत असेल तर रांगेपुरती क्लीनरकडे द्यावी असं सगळेच म्हणतात. पण त्याच्याकडे जड वाहनाचं लायसन नसेल तर देऊ नये. रांगेतच आरसे फुटतात.

सौदा सकाळी. गाडी वेळेवर आली म्हणून व्यापारी खूश, पण उतरवणं सौद्यानंतर. भाव मनासारखा नसला तर आडत्या माल गाडीतच ठेवतो: "दुपारी बघू." गाडी फुकटचं गोदाम होते. उतरायला लागली की तीन तास, मग वजन. कांदा रस्त्यात सुकतो, दोन-तीन दिवसांत घट येणारच. किती घट धरायची हे बिल्टीवर लिहून घेतलेलं नसलं तर फरक भाड्यातून कापायचा प्रयत्न होतो. पिंपळगावची काटापट्टी इथे दाखवायची.

गाडी एकला मोकळी झाली तर बाहेर पडायला एक ते पाच एवढीच खिडकी आहे. सहाला मोकळी झाली तर अकरापर्यंत आतच. दोन्ही वेळा जायचं ठिकाण एकच: जवळचं संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर. तिथे अंघोळ, कपडे, ग्रीसिंग आणि झोप.

शुक्रवार: परतीचा माल

नरेला, बवाना, कुंडली या पट्ट्यातून नाशिकच्या अंबड-सातपूरला यंत्रांचे भाग, प्लॅस्टिकचा कच्चा माल, पंखे असं काहीबाही मिळतं. दलाल सकाळी दहाला म्हणतो "तासाभरात सांगतो", आणि संध्याकाळी पाचला सांगतो.

या मालाला ई-वे बिल लागतं. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, तेराशे किलोमीटरला सात दिवस. पहिला दिवस बिल निघाल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. मुदत भरपूर दिसते. पण कारखाना बिल शुक्रवारी काढतो आणि गाडी रविवारी भरतो, असं झालं की दोन दिवस तिथेच गेले. शिवाय बिलाच्या भाग 'ब'मध्ये गाडीचा नंबर असतो. आधी दुसरी गाडी ठरलेली असेल आणि नंबर बदलायचा राहिला, तर पहिल्या तपासणीत गाडी थांबते. फाटकातून निघण्याआधी मोबाइलवर बिल उघडून आपल्या पाटीशी एकेक आकडा ताडून घ्यायचा. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास, एवढ्यातच वाढवता येते. आणि ते काम ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसातून होतं, जे रविवारी बंद असतं.

दलालाचा फोन येईपर्यंत दुसरा येऊन गेलेला असतो, पिंपळगावहून: "मंगळवारी सकाळी आठला खळ्यावर लागेल ना गाडी?"